बोल्ट पेढीवरच आवळला जातो

रोलिंग मिलच्या हिशेबात नट-बोल्ट ‘किरकोळ सामान’ या सदरात लिहिले जातात. भंगाराची खरेदी, विजेचे बिल, भट्टीचे अस्तर, कामगारांचे पगार यांना स्वतंत्र पाने असतात. बोल्टांची रक्कम मात्र चिंध्या, ग्रीस, झाडू आणि हातमोजे यांच्या पंक्तीत बसते. रकमेच्या दृष्टीने ते योग्यही आहे. पण ज्या वस्तूवर अख्खा कारखाना जागच्या जागी उभा असतो तिची किंमत अशी किरकोळात निघाली, की तिच्याकडे पाहण्याची दृष्टीही हळूहळू किरकोळ होत जाते.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. बियाणे, कापूस आणि मोसंबी यांच्याबरोबर आज त्याचे नाव पोलादासाठी घेतले जाते. औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत भंगार वितळते, त्याचे चौकोनी लांब ठोकळे ओतले जातात, आणि ते लालभडक बिलेट एकामागून एक स्टँडमधून दाबले जाऊन सळई होऊन बाहेर पडते. प्रत्येक स्टँडमध्ये फिरते रूळ असतात. तापलेले लोखंड त्यांच्यामध्ये शिरताना धक्का बसतो, शेपूट सुटताना पुन्हा धक्का बसतो, आणि हे पाळीभर, वर्षभर चालते. हा सारा मार स्टँडच्या तळातील बोल्ट सोसतात. ते ढिले पडले की स्टँड केसभर सरकतो, रुळांची रेषा बिघडते आणि सळईचे माप हलू लागते. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८८ किलो भरली पाहिजे, आणि भारतीय मानकाने या आकाराला वजनात पाच टक्क्यांची सवलत दिली आहे. सळई जाड गेली तर मालकाचे लोखंड फुकट जाते. बारीक गेली तर गिऱ्हाईकाची फसवणूक होते. आणि रेषा फारच बिघडली, तर धगधगती सळई ठरलेली वाट सोडून बाहेर उसळते. त्या वेळी जवळ जो माणूस उभा असतो, त्याच्यासाठी हा हिशेब टक्क्यांचा राहत नाही.

बोल्टचे खरे काम काय, हे समजण्यासाठी जालन्याच्या व्यापाऱ्याला दूर जावे लागत नाही. जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची गाठ बांधताना सर्वांनीच पाहिली आहे. प्रेस रुई दाबून धरते, दाबलेल्या अवस्थेतच तिच्याभोवती लोखंडी पट्ट्या किंवा तारा अडकवल्या जातात, आणि मग प्रेस सोडली जाते. रुई फुगू पाहते, पट्ट्या तिला फुगू देत नाहीत. या ओढाताणीतच १७० किलोची गाठ दगडासारखी कठीण राहते. ती ट्रकमध्ये आपटली, गोदामात लोळवली, तरी पट्टी सरकत नाही, कारण पट्टीत ताण आधीपासून भरलेला आहे. पट्टी सैल बांधली असती, तर पहिल्याच धक्क्याला गाठीचा आकार बिघडला असता.

बोल्टचेही तसेच आहे. नट फिरवला की बोल्ट किंचित लांबतो आणि मधले दोन लोखंडी भाग दाबले जातात. बोल्ट म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंग होय. तो आखडू पाहतो, दाबलेले भाग पसरू पाहतात, आणि त्या झगड्यातून जोड घट्ट राहतो. यंत्र सुरू होण्यापूर्वीच बोल्टमध्ये भरलेल्या या ताणाला पूर्वताण म्हणावे. व्यापारी भाषेत ती अनामत रक्कम आहे. यंत्राचा धक्का आला की तो प्रथम दाबलेल्या भागांतील दाब कमी करण्यात खर्च होतो. बोल्टच्या वाट्याला त्यातला थोडाच अंश येतो. अनामत शिल्लक आहे तोवर बोल्टला धक्क्याची जाणीवही जेमतेम होते. अनामत अपुरी असेल, तर प्रत्येक धक्का पुरताच्या पुरता बोल्टवर येतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका क्षणी सहज तुटते. तसाच हा बोल्ट दिवसाला हजारो वेळा ओढला-सोडला जाऊन आतून चिरत जातो. म्हणून वरवर चमत्कारिक वाटणारी गोष्ट खरी ठरते: भरपूर ताणलेला बोल्ट दीर्घकाळ टिकतो आणि सैल बोल्ट लवकर तुटतो.

धक्का आडवा असेल तर आणखी एक संकट उभे राहते. गेरहार्ड युंकर या अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले, की जोडलेले भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले तर नट आपोआप उलटा फिरतो. त्याला कुणी हात लावावा लागत नाही. आपल्या दुकानांत ज्यावर सर्वांचा भरवसा असतो ते स्प्रिंग वॉशर अशा घसरणीला फारसे अडवू शकत नाही. पुरेसा दाब असला तर भाग घसरतच नाहीत, आणि मग नटालाही फिरायला कारण उरत नाही.

‘पुरेसा’ म्हणजे किती, हे आकड्यांत पाहिले तर आश्चर्य वाटते. २४ मिलिमीटरचा, ८.८ प्रतीचा बोल्ट घ्या. तो सुमारे साडेएकवीस टनांपर्यंत ओढला तरी सोडल्यावर मूळ लांबीवर परत येतो. त्याच्या पाऊण हिश्श्याइतका, म्हणजे सुमारे १६ टनांचा पूर्वताण अशा बोल्टला साधारणपणे द्यावयाचा असतो. मुठीत मावणाऱ्या एका बोल्टमध्ये भरलेल्या ट्रकचा भार! आणि एवढ्या ताणाने तो किती लांबतो? पकडीची लांबी १०० मिलिमीटर असेल तर अवघा पाव मिलिमीटर, किंबहुना त्याहूनही थोडा कमी. सारी सुरक्षितता या पाव मिलिमीटरमध्ये साठवलेली असते. जोडाच्या मध्ये रंगाचा थर राहिला, गंजाचे पापुद्रे राहिले, किंवा पातळ पत्र्याचा तुकडा कोंबला, तर काही दिवसांत तो चेपतो. तो केवळ ०.०५ मिलिमीटर चेपला, तरी अनामतीचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. पृष्ठभाग घासून स्वच्छ करा, असा आग्रह जुने फिटर धरतात, त्याचे कारण हेच आहे.

आता प्रश्न असा, की हे १६ टन मोजायचे कसे? बोल्टवर काटा नसतो. माणूस पाना ओढतो आणि हाताला लागणाऱ्या जोरावरून ‘बसला’ असे म्हणतो. येथेच हात फसतो. नट फिरवण्यासाठी लावलेला जोर शंभर रुपये धरला, तर त्यातले सुमारे पन्नास रुपये नटाच्या तळाच्या घर्षणात जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणात जातात, आणि बोल्ट ताणायला उरतात ते जेमतेम दहा. हाताला कळतो तो शंभराचा खर्च. हाती आलेले दहा त्याला दिसत नाहीत. ज्या धंद्यात नव्वद टक्के रक्कम वाटखर्चात जाते, तिथे वाटखर्च थोडा जरी बदलला तरी नफ्याची उलथापालथ होते, हे कोणत्याही पेढीला समजावून सांगावे लागू नये.

त्याच २४ मिलिमीटरच्या बोल्टचे उदाहरण पुढे नेऊ. आटे कोरडे व स्वच्छ असतील, तर १६ टनांसाठी सुमारे ७६० न्यूटन-मीटरचा पीळ लागतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ७७ किलोचा माणूस लटकला, तर तेवढा पीळ पडेल. हाच पीळ गंजलेल्या आट्यांवर दिला, तर ताण ११ टनांच्याही आत राहतो. पाना मात्र तितकाच कडक लागतो आणि फिटर समाधानाने पुढच्या बोल्टकडे वळतो. उलट आट्यांना निसरडे मॉलिब्डेनमचे वंगण फासून तोच पीळ दिला, तर ताण २७ टनांकडे जाऊ पाहतो, म्हणजे मर्यादा ओलांडून बोल्ट कायमचा लांबतो व निकामी होतो. माणूस तोच, पाना तोच, जोर तोच. आणि परिणाम एकदा अपुरा, एकदा विनाशक. म्हणून पिळाचा आकडा सांगताना आटे कोरडे की वंगण लावलेले, हे सांगितले नाही तर तो आकडा अर्धवट ठरतो.

अधिक आवळले म्हणजे अधिक चांगले, हाही एक भ्रमच. मनमाडहून जालन्यावरून सिकंदराबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाचे उदाहरण पाहावे. जिथे रुळांना अजून सांधे आहेत, तिथे ते पट्ट्या व बोल्ट लावून जोडलेले असतात. उन्हाने रूळ लांबतो आणि थंडीत आखडतो; त्याला सांध्यात सरकता आले पाहिजे. म्हणून रेल्वेत हे सांधे वर्षातून एकदा, बहुधा उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, उघडून वंगण लावून पुन्हा बसवण्याची पद्धत आहे, आणि आपल्या हद्दीतून रोज पायी फिरणारा कीमन हातोडा व पाना घेऊन त्यांच्याकडे लक्ष ठेवतो. ते बोल्ट सैल राहिले तर सांधा खिळखिळा होतो. अवाजवी आवळले तर रूळ सरकू शकत नाही आणि उन्हाळ्यात बाजूला वाकण्याचा धोका वाढतो. रुळाच्या सांध्याचा योग्य ताण वेगळा, स्टँडच्या तळाचा वेगळा. प्रत्येक जोडाला त्याच्या कामाप्रमाणे एक मर्यादा असते.

येथवर सारी जबाबदारी फिटरची वाटते. पण पाना हातात येण्यापूर्वीच बऱ्याच गोष्टी ठरून गेलेल्या असतात, आणि त्या ठरतात पेढीवर.

जालन्यातील एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात एका संध्याकाळी असा प्रसंग घडला. वसाहतीतील एका मिलचा फिटर घाईघाईने आला. “शेठजी, चोवीस एम.एम.चे सोळा बोल्ट द्या, आठ पॉइंट आठचे. स्टँड उतरवलाय, रात्रीतून मिल चालू करायची आहे.” त्या प्रतीचे बोल्ट त्या दिवशी शिल्लक नव्हते. गल्ल्यावर बसलेला नातू हळूच म्हणाला, “दादाजी, त्याच मापाचे साधे आहेत की, तीन पेट्या.” शेठजींनी मान हलवली. थोड्या वेळाने मिलमालकाचा फोन आला. “काका, एका रात्रीचा प्रश्न आहे. साधे द्या, उद्या बदलून टाकू.” शेठजी शांतपणे म्हणाले, “भाऊ, उद्या तुमची मिल चालू असेल. चालू मिल बंद करून बोल्ट बदलणारा मालक मी अजून पाहिला नाही. सकाळी संभाजीनगरहून मागवून देतो.” पलीकडून फोन ठेवला गेला.

बोल्ट दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मिल दुपारी सुरू झाली. एका रात्रीचे उत्पादन बुडाले, आणि त्या मिलची खरेदी पुढचे दोन महिने दुसऱ्या दुकानातून झाली. नातवाने रोजमेळात ती घट पाहिली. स्टँडला काहीही झाले नाही. कुणाला इजा झाली नाही, वर्तमानपत्रात काही छापून आले नाही. जे घडले नाही त्याची पावती कुणी देत नाही. म्हणून या निर्णयाची किंमत खर्चाच्या बाजूला दिसली आणि जमेची बाजू कोरीच राहिली.

‘साधे’ आणि ‘८.८’ यांत फरक कोणता, हे बोल्टच्या माथ्यावर लिहिलेले असते. पहिला आकडा शंभराने गुणला की तुटण्याची ताकद कळते, आणि दोन आकडे एकमेकांशी गुणून दहाने गुणले की कायमचे लांबू लागण्याची मर्यादा कळते. ८.८ चा अर्थ ८०० आणि ६४०, ४.६ चा अर्थ ४०० आणि २४०; ही मोजमापे दर चौरस मिलिमीटरला न्यूटनमध्ये आहेत. माप सारखे, आटे सारखे, पाना सारखा बसतो. दुरून पाहिले तर दोघे जुळे भाऊ. पण २४ मिलिमीटरचा ४.६ प्रतीचा बोल्ट साडेआठ टनांच्या आसपासच कायमचा लांबू लागतो आणि साडेचौदा टनांच्या सुमारास तुटू शकतो. त्याला १६ टनांचा पूर्वताण देऊ गेले तर तो पान्याखालीच तुटेल. तुटला तर एका परीने बरे, कारण चूक लगेच कळेल. खरा धोका वेगळा आहे. तो लांबत असताना फिटरला पाना नरम लागतो, तो हात आखडता घेतो, आणि मिल त्या अर्धमेल्या बोल्टवर सुरू होते. नटाचेही तसेच: ८.८ च्या बोल्टला ८ प्रतीचा नट हवा. हलक्या नटाचे आटे आतल्या आत सोलले जातात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ‘सूत’ आणि ‘एम.एम.’ एवढ्याच भाषेत खरेदीची चिठ्ठी लिहिली, तर ही सारी माहिती चिठ्ठीतच हरवते.

पेढीवर ठरणारी दुसरी गोष्ट म्हणजे हत्यार. ३६ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला सुमारे साडेसदतीस टनांचा पूर्वताण हवा आणि त्यासाठी कोरड्या आट्यांवर २,६५० न्यूटन-मीटरच्या घरात पीळ लागतो. एक मीटरच्या पान्यावर २७० किलो! हे माणसाच्या हाताचे काम नव्हे. मग पान्याला पाइप जोडला जातो, चारजण लोंबकळतात, किंवा रिंगपान्यावर घणाचे घाव पडतात. त्यातून बोल्टमध्ये किती ताण गेला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि पाइप निसटला तर त्या चौघांचे काय होते, हे वसाहतीत सर्वांना ठाऊक आहे. टॉर्क पाना, पीळ वाढवणारी दातेरी पेटी किंवा हायड्रॉलिक टॉर्क यंत्र ही यासाठीची साधने आहेत. त्याहून अचूक म्हणजे हायड्रॉलिक टेन्शनर: तो बोल्टलाच सरळ वर ओढून ताणतो, नट हाताने खाली टेकवला जातो, आणि मग ओढ सोडली जाते. त्यात घर्षणाला फसवायला फारशी जागा उरत नाही. इमारतींच्या व पुलांच्या पोलादी सांगाड्यांतील उच्चताण बोल्टांसाठी भारतीय मानक ४००० मध्ये एक सोपी रीतही दिलेली आहे: आधी जोड नीट बसेपर्यंत आवळावा, खूण करावी, आणि तेथून ठरलेल्या अंशाने नट पुढे फिरवावा. हात घर्षणाने फसतो; फिरवलेला अंश सहसा फसवत नाही.

तिसरी गोष्ट वेळ. सोळा बोल्टांचा तळ एका फेरीत आवळता येत नाही. पहिला पूर्ण आवळून शेजारचा आवळला, की पहिल्याने दाबलेला भाग आणखी दबतो आणि पहिला आपोआप सैल होतो. म्हणून समोरासमोरचे बोल्ट घेत, आधी साधारण एक तृतीयांश ताणाने, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण, अशा फेऱ्या कराव्या लागतात आणि शेवटी सर्वांची एक तपासणी. मिल काही तास चालून पृष्ठभाग बसले, की थांबवून पुन्हा एकदा पाहावे लागते. नट, बोल्ट व तळ यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढली, तर पुढे नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. या उपायाला रंगाचा एक थेंब पुरतो. फिटरला हे सारे येते. त्याला मिळत नाहीत ते दोन तास. “कधी सुरू होणार?” हा प्रश्न दर दहा मिनिटांनी फोनवर आला, की तिसरी फेरी गळते.

बोल्ट किरकोळ मानल्याचा परिणाम किती दूर जाऊ शकतो, हे १७ ऑगस्ट २००९ रोजी सैबेरियात दिसले. येनिसेई नदीवरील सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनचे झाकण ८० भक्कम स्टडनी बसवलेले होते. त्या टर्बाइनची कंपने वाढलेली असूनही ती चालू ठेवली गेली. त्या सकाळी स्टड तुटले, पाण्याच्या दाबाने झाकण व त्यावरचे यंत्र वर उसळले, यंत्रघर पाण्याखाली गेले आणि ७५ माणसे मृत्युमुखी पडली. नंतर तपासलेल्या ४९ स्टडपैकी ४१ मध्ये थकव्याच्या चिरा आढळल्या. त्या चिरा एका रात्रीत पडल्या नव्हत्या. तुटण्याच्या खूप आधीपासून त्या वाढत होत्या, आणि त्या काळात वीज तयार होत होती, विकली जात होती, हिशेब जुळत होते.

जालन्याच्या मिलमधील स्टँड त्या टर्बाइनच्या तुलनेने लहान आहे, पण त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस लहान नाही. तो बिहारमधून आलेला असेल, नाही तर बदनापूर किंवा मंठ्याजवळच्या एखाद्या गावातला असेल. पाळी संपल्यावर त्याची वाट पाहणारे घर कुठे तरी आहे. आपण कोणत्या प्रतीच्या बोल्टशेजारी उभे आहोत, हे त्याला माहीत नसते आणि विचारण्याची सोयही नसते. ते माहीत असते खरेदीची चिठ्ठी लिहिणाऱ्याला, बिल मंजूर करणाऱ्याला आणि पेटी काउंटरवर ठेवणाऱ्याला.

मोठा खर्च न करता एवढे करता येते. चिठ्ठीवर मापाबरोबर प्रत लिहावी आणि माल उतरवताना माथ्यावरचे आकडे वाचून घ्यावेत. साधे आणि उच्चताण बोल्ट एकाच पेटीत मिसळू देऊ नयेत. एकदा मर्यादेपलीकडे ताणलेला बोल्ट दुरुस्तीनंतर पुन्हा लावू नये. तो भंगारात टाकावा, जालन्यात तेही वाया जात नाही. टॉर्क पाना घेतला तर त्याची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी, जशी तराजू-काट्याची करतो. आणि महत्त्वाच्या प्रत्येक जोडासाठी वहीत एक ओळ ठेवावी: बोल्टचे माप व प्रत, आटे कोरडे की वंगणाचे, पिळाचा आकडा, आवळणाऱ्याचे नाव, पुन्हा तपासल्याची तारीख. ही ओळ ‘किरकोळ सामान’ या सदरात बसणार नाही. तिच्यासाठी नवे पान उघडावे लागेल.